चिमटीतला ताज

ताज हॉटेलचा घुमट चिमटीत धरून उभं राहायला मी ठाम नकार दिला होता, हे आधी नोंदवून ठेवतो. फोटोत तो मी धरलेला दिसतोय, ते वेगळं.

बायकोचे मामा-मामी नातवाला घेऊन तासगावहून दोन दिवस आमच्याकडे ठाण्याला आले होते. माझी यादी तयार होती: कोपिनेश्वराचं दर्शन, मासुंदा तलावात होडी, मामलेदारची मिसळ, मग ऐरोलीला जाऊन खाडीतले फ्लेमिंगो. मामांनी यादी शांतपणे ऐकली. “तळं आमच्याकडंबी हाय की,” म्हणाले आणि पायात चपला सरकवल्या. त्यात सोमवार. घारापुरीची लेणी बंद, बोरिवलीचं नॅशनल पार्क बंद. मग उरलं ते एका नटाचं घर, एका उद्योगपतीचं घर आणि गेटवे. पर्यटन म्हणजे दुसऱ्याच्या फाटकासमोर उन्हात उभं राहून वॉचमनच्या शिव्या खाणं, हे कधीपासून ठरलं कोण जाणे. दोन्हीकडे खाऊन झाल्या. मग गेटवे.

गेटवेला त्यानं आम्हाला गाठलं. गळ्यात कॅमेरा, खांद्याला प्रिंटरची बॅग, हातात नमुन्याच्या फोटोंची चळत. सगळ्या फोटोंत वेगवेगळी माणसं एकाच पद्धतीनं ताजचा घुमट चिमटीत धरून हसत होती.

“पावणं, कुठलं म्हणायचं?” त्यानं मामांना विचारलं.

“तासगाव.”

“आरं तिच्या! मी कवठेमहांकाळचा!”

झालं. त्याची आत्या तासगावात दिलेली निघाली. आत्याच्या दिरानं मामांच्या शेजारची बाग खंडानं केलेली निघाली. औंदा द्राक्षाला दर काय मिळाला, अवकाळीनं किती घड गेले, बेदाणा कुणाचा काळा पडला, सगळं झालं. मी तीन पिशव्या, पाण्याच्या बाटल्या आणि नातवाची टोपी सांभाळत उभा. इथं माझी जागा नेमकी कोणती, हा प्रश्न बहुधा त्यालाही पडला.

“आन् साहेब, तुम्ही कुठले?”

“ठाण्याचा.”

“अस्सं.” तो जरा थांबला. “मुक्काम आहे, का आजच परत?”

“अहो, ठाण्याचा. इथला.”

“तेच म्हणतोय. लांब पडतं. आमचा एक मित्र गेला तिकडं राहायला, घोडबंदरला.” त्यानं आवाज खाली आणला. “तेव्हापासून भेट नाही.”

मामी चुकचुकल्या. खरंच चुकचुकल्या! रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये पाय दुमडून आलेल्या बाईला माझी दया आली.

“पहिल्यांदाच आलाय का गेटवेला?” त्यानं मला अगदी प्रेमानं विचारलं. आणि मग माहिती द्यायला लागला. मला. इंग्लंडचा राजा १९११ साली आला, पण ही कमान पुरी झाली १९२४ला, म्हणजे राजा आला तेव्हा इथं काहीच नव्हतं. हे मला ठाऊक होतं. पण मामांनी “जावईबापू, ऐका, ऐका” म्हणून कोपर मारल्यावर ऐकावं लागलं. पाहुणा येऊन गेल्यावर तेरा वर्षांनी दरवाजा तयार होतो, यात एका ठाणेकराला नवल ते काय वाटणार? आम्ही रोज मेट्रोच्या खांबांखालून जातो.

एरवी मी चिडत नाही. पण १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून देशातली पहिली प्रवासी गाडी सुटली ती कुठे जायला? ठाण्याला. चौदा डबे, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, एकवीस तोफांची सलामी आणि चारशे माणसं. ठाणं नसतं तर त्या चारशे जणांनी गाडीत बसून करायचं काय होतं? त्या गाडीला सव्वा तास लागला म्हणतात. पावणेदोनशे वर्षं होत आली. स्लो लोकलला आजही तास लागतो. एवढ्या काळात पंधरा मिनिटं वाचली. आणि त्या दिवशी चारशेही माणसं बसून आली असणार! आज सकाळी ठाण्याला एका डब्यात तेवढी चढायला बघतात आणि कुणाची तरी बॅग प्लॅटफॉर्मवरच राहते. मुंबईची निम्मी ऑफिसं आम्ही उघडतो, रात्री दिवे घालवून परत जातो, आणि इथला फोटोवाला विचारतो, मुक्काम आहे का.

असो.

“साहेब, हात वर. आणखी. आता चिमूट करा. ढिली, ढिली! घुमट फुटंल.” मी म्हटलं, मला फोटो नको. तो मामांकडे बघून म्हणाला, “लाजतात. बाहेरगावची माणसं पहिल्यांदा लाजतातच.” मामा त्याला म्हणाले, “काढ तू.” सासरच्या वडीलधाऱ्यांपुढे माणूस किती ताणून धरणार? पिशव्या दोन पायांत दाबल्या आणि धरला घुमट.

प्रिंट बॅगेतून गरम गरम बाहेर आली. मामा-मामी छान आलेत, नातू डोळे मिटून आलाय, आणि माझी चिमूट घुमटाच्या चांगली वीतभर डावीकडे, एका कबुतराला पकडतेय. “चालतंय,” म्हणाला. मामांकडे पाचशेची नोट होती, त्याच्याकडे सुट्टे नव्हते. गावच्या माणसाला तो क्यूआर कोड दाखवेना. माझ्यापुढे मात्र लगेच धरला. तीन कॉपींचे पैसे मी दिले. निघताना त्यानं मामांना वाकून नमस्कार केला आणि मला सांगितलं, “जपून जा. शेवटची गाडी बघून ठेवा.”

तेव्हा दुपारचे तीन वाजले होते.

रात्री मामांनी तोच फोटो सासरच्या ग्रुपवर टाकला. अंगठे, हात जोडलेले, गुलाबाची फुलं असं सगळं येऊन गेलं. सगळ्यात शेवटी सासूबाईंचा मेसेज आला: “दादा, जावईबापूंना मुंबई दाखवलीस, फार बरं केलंस.”