रुंबावर लेख लिहिताना आधी टाळी मोजा

क्युबाच्या रुंबावर मराठी विकिपीडियात लिहायला बसणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे. ‘आफ्रिकन मुळे असलेला उत्साही नृत्यप्रकार’ असली सुरुवात करू नका. हे वाक्य कॅरिबियनमधल्या कुठल्याही नाचाला लागू पडतं आणि वाचकाच्या हाती काहीच लागत नाही.

आधी नावाचा गुंता सोडवा. मूळ रुंबा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हवाना आणि मातान्सास इथे घडली: गोदीवर आणि ‘सोलार’मध्ये, म्हणजे एका चौकाभोवती अनेक बिऱ्हाडं राहत अशा जुन्या घरांत. युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत ती २०१६ साली आली. बॉलरूममधली रुंबा बोलेरो आणि सोन या क्युबन संगीतप्रकारांतून निघालेली, वेगळीच. काँगोची रुंबा तिसरी, तिची युनेस्को नोंद २०२१ची. तिन्हींचे लेख वेगळे हवेत आणि वर एक निःसंदिग्धीकरण पान, म्हणजे एकाच नावाचे लेख वेगळे दाखवणारं पान, हवं.

आता मुख्य गोष्ट, क्लावे. दोन लाकडी दांड्यांनाही क्लावे म्हणतात आणि त्यांवर वाजणाऱ्या पाच ठोक्यांच्या आकृतीलाही. लेखात ती मोजून द्या. सोळा समान मात्रा धरा; रुंबा क्लावेचे ठोके १, ४, ८, ११ आणि १३ वर पडतात. सोन क्लावेत फक्त तिसरा ठोका सरकतो, आठवरून सातवर. एवढ्याने चाल बदलते. दोन्ही टाळ्या लागोपाठ वाजवून पाहा, लगेच कळेल. सोळा मात्रा दिसल्या म्हणून ‘तीनतालासारखा’ असं मात्र लिहू नका. इथे ‘खाली’, म्हणजे टाळीविना दाखवायचा विभाग, नाही, विभागांची टाळीही नाही.

तीन ढोल: सालिदोर आणि त्रेस दोस पाया धरतात, सर्वांत उंच स्वराचा किंतो नाचणाऱ्याच्या पावलांना उत्तर देतो. पूर्वी ढोलांऐवजी खोकी वाजत, खारवलेल्या कॉड माशाची किंवा मेणबत्त्यांची. त्यांना काहोन म्हणतात. स्पॅनिशमधला हा उच्चार ‘काजोन’ होत नाही. चित्र निवडताना मांडीवर आडवा धरलेला दुतोंडी ढोल दिसला तर थांबा, तो बाता आहे. बाता मुळात ओरिशा या देवतांच्या उपासनेतला, रुंबा लौकिक.

रुंबाचे प्रकार तीन. यांबू संथ, जुना. ग्वाग्वांको जोडीचा आणि जलद. त्यात पुरुष अचानक कमरेचा, हाताचा किंवा पायाचा झटका स्त्रीच्या दिशेने देतो, तो वाकुनाओ. ती परकर पुढे घेऊन किंवा वळून तो चुकवते. संकोचापोटी हे गाळलं तर नाचच गळतो, कारण सगळा डाव याच्यावर चालतो. यांबूत वाकुनाओ नसतो, हा फरक लिहायलाच हवा. कोलुंबिया मातान्सासच्या ग्रामीण भागातली, एकट्याने नाचायची, परंपरेने पुरुषांची. तिची लय बारा मात्रांकडे झुकते. तिचा दुवा जोडताना जपा, देशाचं नाव कोलंबिया. स्पॅनिशमध्येही फरक एका स्वराचाच आहे.

ध्वनिफितीसाठी यूट्यूबवरचं काहीही सरसकट उचलू नका, मुक्त परवाना नसेल तर कॉमन्सवरून, म्हणजे विकिपीडियाच्या सामायिक चित्र-ध्वनी भांडारातून, ते काढलं जातं. क्लावेची आकृती कुणाच्या मालकीची नाही. दोन दांड्या घेऊन पंधरा सेकंद स्वतः वाजवा, आधी संथ, मग चालीत, आणि मुक्त परवान्याने चढवा. फाइलच्या वर्णनात पाचही ठोक्यांच्या मात्रा लिहा, म्हणजे ऐकणाऱ्याला सोबत टाळी देता येईल.