वरून डायबेटिकवाला टाक!

“ए पिंट्या, वरून डायबेटिकवाला टाक रे! लेडीज सात!”

लक्ष्मी रस्त्यावरच्या चपलांच्या दुकानात शनिवारी संध्याकाळी जेवढी माणसं मावतात, त्याच्या दुप्पट माणसांसमोर ही हाळी दिली गेली आणि ती माझ्यासाठी होती. पुतणीचं लग्न तोंडावर आलंय, बरी चप्पल हवी होती. पायाच्या अंगठ्याशेजारचं हाड बाहेर आलंय, तेव्हा जरा रुंद दाखवा, एवढंच मी हळू आवाजात सांगितलं होतं. पोराने एकदा माझ्या पायाकडे पाहिलं, एकदा छतातल्या चौकोनी भोकाकडे पाहिलं आणि सगळ्या पेठेला कळवलं.

“मला डायबेटिस नाहीये,” मी म्हणाले.

“तसं नाही ताई, त्या चपलेलाच डायबेटिक म्हणतात. रुंद येते, मऊ असते.”

प्रकरण इथे मिटलं असतं. पण बाकावर माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या. सुती साडी, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. त्यांनी मान वळवली.

“किती आहे?”

“काय किती?”

“उपाशीपोटीची.”

“नाही हो आजी, मला साखर नाहीये. हाडाचं दुखणं आहे.”

“सुरुवातीला सगळे असंच म्हणतात. आमचे हे कित्येक वर्षं नाही म्हणत होते. आता रोज सकाळी पोटात इंजेक्शन घेतात, आणि तरी नाहीच म्हणतात.”

मी हसून विषय सोडायचा प्रयत्न केला. पण नाही म्हणणं हेच ज्या आजाराचं पहिलं लक्षण, तो आपल्याला नाही हे सिद्ध कसं करायचं? तेवढ्यात आजींना माझ्या पिशवीतून डोकावणारा आंबाबर्फीचा पुडा दिसला.

“हे कुणासाठी?”

“पाहुणे यायचेत.”

“हो का,” आजी म्हणाल्या. असं ‘हो का’ फक्त पुण्यातच मिळतं. मग समोर मुलाला शाळेचे बूट घालून बघणाऱ्या एका गृहस्थांना त्यांनी साक्षीला घेतलं. “बघा हो, शुगर आहे आणि बर्फी नेतायत.” गृहस्थांनी माझ्याकडे फार प्रेमाने पाहिलं आणि त्यांच्या सासऱ्यांचा अंगठा कसा काढावा लागला ते सांगितलं. आधी एक बोट, मग अंगठा. मुलगा एक बूट घालून तोंड उघडं टाकून ऐकत होता. पलीकडच्या बाईंनी जांभळाच्या बियांची पूड सुचवली. आजींनी मेथीचे दाणे रात्री भिजवायला सांगितले, आणि कारल्याचा रस नाक दाबून घ्यावा लागतो ही आतली माहितीही दिली.

“अहो, पण मला खरंच...”

“थांब.” आजींनी चष्मा काढला, त्याची एक काडी सरळ केली, वाकल्या, आणि ती माझ्या अंगठ्याच्या त्या सुजलेल्या, लालभडक कोपऱ्यावर टेकवून दाबली.

मी ओरडले. काउंटरवरचा माणूस नोटा मोजायचा थांबला.

“कळतंय तिला,” आजींनी दुकानाला जाहीर केलं आणि चष्मा परत डोळ्यांवर चढवला. “म्हणजे अजून वेळ गेलेली नाही.”

आता ज्यांना खरोखर मधुमेह आहे त्यांच्या पायाची काळजी ही थट्टेची गोष्ट नाही, हे मलाही कळतं. पण मला जे झालंय त्याला इंग्रजीत बनियन म्हणतात आणि साखरेशी त्याचा संबंध नाही. अंगठ्यामागचं तळपायातलं लांब हाड हळूहळू दुसऱ्या पावलाच्या दिशेने सरकतं, अंगठा उलट्या बाजूला, शेजारच्या बोटाकडे कलतो, आणि मधला सांधा कोपरासारखा बाहेर येतो. नवीन हाड वगैरे काही उगवत नाही. आहे तेच घर सोडून बाहेर येऊन बसतं. वर चप्पल घासली की तिथे सूज येते. पायाची ठेवण बरेचदा घराण्यातून येते. माझ्या आत्याची पावलं अशीच होती, आणि आत्याकडून मला दुसरं काही मिळालेलं नाही.

माझ्या अंगठ्याला तर रेलायला आयती जागा आहे: जोडवी. दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी अंगठ्याच्या कडेला चांदीच्या वेढ्याची निळसर खाच पडलेली असते. डाव्या पायातलं जोडवं शेवटी सराफाकडून कापून काढलं. त्यानंतर नात्यातल्या बायकांनी मला विचारलेला पहिला प्रश्न पायाबद्दल नव्हता. “घरी सगळं ठीक ना?” असा होता.

ऑर्थोपेडिकवाल्या डॉक्टरांनी उभं करून एक्स-रे काढला. अंगठ्याचा कल पंधरा अंशांच्या वर गेला की हे दुखणं धरतात, माझा चोवीस. रात्री बांधायचा पट्टा मी त्यांच्यासमोर ठेवला. ऑनलाइन घेतलेला, डब्यावर ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो असलेला. ते म्हणाले, बांधा, बरं वाटेल, पण मोठ्या माणसाचं हाड याने सरळ होत नाही. बोटांमधली सिलिकॉनची गादी घासणं कमी करते, बर्फाने सूज उतरते, बस. ऑपरेशनमध्ये हाड कापून, सरकवून स्क्रूने बसवतात. पुढे काही आठवडे साधी चप्पल घालायची नाही आणि सूज कित्येक महिने रेंगाळते. या एका अंगठ्यासाठी शंभराहून जास्त प्रकारच्या शस्त्रक्रिया आजवर लिहून ठेवल्या गेल्या आहेत म्हणे. ज्या दुखण्यावर शंभर उपाय असतात त्यावर एकही धड नसतो, हे मला सर्दीवरून माहीत आहे. “चालणं अवघड होत नाही तोवर कापायचं नाही,” ते म्हणाले. “पुढून रुंद, टाच बुटकी, वरचं कातडं मऊ आणि गाठीवर शिवण नको. संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय फुगलेले असतात. उभं राहून बघा. सगळ्यात लांब बोटाच्या पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहिली पाहिजे.”

हे सगळं बायकांच्या चपलेत द्यायचं नाही असा या धंद्यात ठराव झालेला असावा. पुढून निमुळतं, अगदी होडीच्या टोकासारखं. या टोकात पाचही बोटं कशी बसणार? बसतच नाहीत, म्हणून तर मी इथे आहे. हे आजचंही नाही. इंग्लंडात केंब्रिजमधल्या जुन्या दफनभूमींतल्या सांगाड्यांचे पाय संशोधकांनी तपासले, ते २०२१ साली छापून आलं. अकराव्या ते तेराव्या शतकातल्या सांगाड्यांपैकी ६ टक्क्यांत असा अंगठा होता. मग चौदाव्या शतकात लांब टोकाच्या बुटांची फॅशन आली आणि आकडा २७ टक्क्यांवर गेला. गावाबाहेरच्या गरिबांत हे दुखणं जवळजवळ नव्हतंच, मठाच्या आवारात पुरलेल्या संन्याशांत आणि श्रीमंतांत सर्वाधिक. म्हणजे संसार सोडला, बुटाचं टोक नाही सोडलं. पुढे राजाला कायदा करून टोकाची लांबी दोन इंचांवर आणावी लागली. आमच्याकडे तसा राजाही नाही.

आपल्याकडे कोल्हापुरी आहे, असं कुणी म्हणेल. आहे, तळ चांगला पसरट आहे. पण तिचा तो चामड्याचा अंगठा माझ्या अंगठ्याला सरळ राहायला सांगतो, माझा ऐकत नाही, आणि दोघांच्या भांडणात पट्टा नेमका गाठीवर येतो. महिनाभर तेल पाजूनही ती चावतेच.

खरी गंमत नंबरात आहे. माझा नंबर सहा. पण रुंदी मिळावी म्हणून सात घ्यायचा. विलायती मापात एक नंबर वाढला की लांबी एक तृतीयांश इंचाने वाढते, जवाच्या एका दाण्याएवढी. इंग्रजांनी ते मापच जवावरून ठरवलं होतं. लांबी मिळते, रुंदी जेमतेम, आणि टाच मागे फटक फटक वाजत राहते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने लाखाहून जास्त भारतीयांचे पाय मोजले आणि आपले पाय युरोप-अमेरिकेतल्या लोकांपेक्षा रुंद असतात असा निष्कर्ष काढला. त्यावरून ‘भ’ नावाचं आपलं स्वतःचं मापही सुचवलं. मी त्या पोराला ‘भ’ मापाचं विचारलं. त्याने मान वर केली आणि ओरडला, “पिंट्या, ‘भ’ कंपनीचा माल आलाय का रे?”

पिंट्याने वरून डबा टाकला. आत तपकिरी रंगाच्या, दोन व्हेलक्रो पट्ट्यांच्या, वॉर्डातून चोरून आणल्यासारख्या दिसणाऱ्या चपला. किंमत समोर मांडलेल्या सोनेरी चपलेच्या तिप्पट. पाय आत सुखाने गेला, हे कबूल. पण मला राग आला तो आलाच. ज्या बाईचा पाय पायासारखा आहे तिला पेशंटच्या फळीवर पाठवायचं, आणि वर तिनेच रंगाबद्दल आभार मानायचे? लग्नात पैठणीखाली हे घालू? फोटोत नवरीच्या काकूला सलाईन लावलेलं तेवढं दिसायचं बाकी राहील.

आजी तोवर उठल्या होत्या. नातवाच्या मुंजीसाठी त्यांनी पुढून सुईसारखी टोकदार, सोनेरी सँडल पसंत केली होती. “चावणार नाही का?” मी विचारलं, जरा आशेनेच.

“मला काही होत नाही,” त्या म्हणाल्या. “मी साखर सोडलीय.”

मी पलीकडच्या भिंतीकडे गेले. जेंट्स. तिथे सगळं पायाच्या आकाराचं होतं. साधी काळी सँडल, पुढून ऐसपैस, मऊ चामडं, गाठीच्या जागी शिवण नाही, आणि दर डायबेटिकवाल्याच्या निम्मा. सहा नंबर मागितला. उभी राहिले, दोन पावलं चालले, टाच वाजली नाही. एवढ्या मोठ्या दुकानात मला हवं ते होतं, फक्त ते माझ्यासाठी केलेलं नव्हतं.

लग्न व्हायचंय अजून. तोवर रोज तीच घालतेय. काल तळ्यातल्या गणपतीला गेले, तर चपला सांभाळणाऱ्या बाईंनी टोकन देताना माझ्या मागे वाकून पाहिलं.

“साहेब अनवाणीच गेले का आत?”

मी हो म्हणाले.