चित्रं पाहून एक्सेल येत नाही, असं म्हणणाऱ्यांना

बचत गटांच्या, शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या आणि नोकरीच्या तयारीला लागलेल्या पोरांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. त्यात म्हटलंय की स्क्रीनचे फोटो आणि बाण असलेली पानं पाहून एक्सेल शिकणारा माणूस पोपटासारखं नुसतं पाठ करतो, त्याला समजत काहीच नाही. इंग्रजी आणि गणित कच्चं असेल तर नादी लागू नये. क्लास लावावा, नाही जमलं तर व्हिडिओ पाहावा. छापील पानं तर आवृत्ती बदलली की रद्दी. यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांत गटाचा हिशेब लिहिणाऱ्या बायांना मी अशाच पानांवरून एक्सेल शिकवते. हा मेसेज वाचून काही जणींनी शिकणं सोडलं, म्हणून हे उत्तर.

पोपटाचा मुद्दा आधी घेते, कारण तो सगळ्यात जास्त पटतो आणि सगळ्यात जास्त चुकीचा आहे. ‘इथं क्लिक करा, मग तिथं क्लिक करा’ एवढंच सांगणाऱ्या पानानं समज येणार नाही, हे मलाही मान्य आहे. पण नीट केलेलं पान काय दाखवतं ते बघा. कापसाच्या खरेदीचा तक्ता घ्या. सी कॉलममध्ये क्विंटल, डीमध्ये भाव, ईमध्ये रक्कम. ई२ मध्ये, म्हणजे ई कॉलमच्या दुसऱ्या ओळीतल्या चौकोनात (त्याला सेल म्हणतात), फॉर्म्युला =सी२*डी२. त्या सेलवर दोनदा क्लिक केलं की सी२ भोवती एका रंगाची चौकट येते, डी२ भोवती दुसऱ्या रंगाची. हे झालं पहिलं चित्र. फॉर्म्युला खाली ओढून ई३ वर दोनदा क्लिक केल्याचं चित्र त्याच्या शेजारी ठेवलं, की दोन्ही चौकटी एक ओळ खाली उतरलेल्या दिसतात. फॉर्म्युला ओढला की त्यातले सेलचे पत्ते (सी२, डी२) सरकतात, ही गोष्ट फळ्यावर तासभर बोलून डोक्यात जात नाही, ती इथं समोर दिसते.

आता हमाली. क्विंटलमागचा तिचा दर सगळ्यांना एकच, म्हणून तो एच१ मध्ये एकदाच लिहिला. =सी२*एच१ खाली ओढलं की दुसऱ्या नावापासून सगळीकडे शून्य. का? पुढच्या चित्रात एच१ ची चौकट घसरून रिकाम्या एच२ वर बसलेली दिसते. त्यानंतरच्या चित्रात एच आणि १ च्या आधी डॉलरचं चिन्ह दिलेलं आहे आणि चौकट जागची हललेली नाही. जिनं हा क्रम एकदा पाहिला, ती तेल्हाऱ्याच्या तुरीला काय नि मोर्शीच्या संत्र्याला काय, कुठल्याही हिशेबात डॉलर कुठं लावायचा ते स्वतः ठरवते. याला पोपटपंची म्हणणाऱ्यानं चुकीचा निकाल दाखवणारं चित्र असलेलं पान कधी हातातच घेतलं नसावं.

स्प्रेडशीटचा, म्हणजे एक्सेलसारख्या हिशेबाच्या तक्त्याचा, जन्मच मुळी डोळ्यांसमोरच्या तक्त्यातून झाला. १९७८ मध्ये डॅन ब्रिकलिन हार्वर्डला व्यवस्थापन शिकत होता. फळ्यावरच्या तक्त्यात एक आकडा बदलला की पुढचे सगळे पुसून पुन्हा काढावे लागतात, हे वर्गात बसून त्यानं पाहिलं. १९७९ मध्ये त्याचं आणि बॉब फ्रँकस्टनचं व्हिजिकॅल्क नावाचं स्प्रेडशीट बाजारात आलं. नवशिक्याच्या शिकण्याचा अभ्यासही झालेला आहे. जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर या संशोधकांनी १९८५ मध्ये बीजगणितावर प्रयोग केले. सोडवलेली उदाहरणं पाहून शिकलेल्या मुलांनी तशाच धर्तीची नवी गणितं लवकर आणि कमी चुका करून सोडवली. अगदी वेगळ्या धर्तीच्या गणितांत मात्र तो फायदा दिसला नाही. म्हणूनच आमच्या प्रत्येक पानाच्या शेवटी चित्र नसलेलं एक काम असतं, तेही स्वतःच्या गटाच्या आकड्यांवर.

इंग्रजी आणि गणित? शेकडा दोननं महिन्याचं व्याज तोंडी काढणाऱ्या बाईला गणित येत नाही म्हणणं मला खरोखर लागतं. तिची अडचण वेगळीच असते. “ताई, बेरीज कमी काहून येते?” हा प्रश्न मी कितीतरी वेळा ऐकला आहे. एका सेलमध्ये ‘१२ क्विंटल’ असं लिहिलेलं असतं. त्या शब्दामुळे एक्सेल तो मजकूर समजतं आणि बेरजेचा सम फॉर्म्युला त्याला वगळून बेरीज करतो, एररसुद्धा दाखवत नाही. चित्रात आकडे सेलच्या उजव्या कडेला आणि हा एकटा डावीकडे गेलेला दिसतो. इतकं कळायला इंग्रजी लागत नाही.

जिथं इंग्रजी लागतं, तिथं तर चित्रच उपयोगी पडतं. फक्त नावांचा कॉलम निवडून सॉर्ट केलं, म्हणजे क्रमानं लावलं, की एक्सेल एका चौकटीत विचारतं, शेजारचे कॉलमही सोबत घ्यायचे का. न वाचता चुकीचा पर्याय निवडला तर नावं हलतात, रकमा जागीच राहतात, आणि एकीचं कर्ज दुसरीच्या नावावर चढतं. ती चौकट पानावर जशीच्या तशी छापलेली असली, कुठल्या पर्यायानं काय होतं ते शेजारी मराठीत लिहिलेलं असलं, की बाई तिथं थांबते.

क्लासचं म्हणाल तर सरकारी भरतीसाठी एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र हवं असेल तर जरूर क्लास लावा, त्याला पर्याय म्हणून मी पान पुढं करत नाही. पण क्लास तालुक्याला, एसटी सकाळी एक नि संध्याकाळी एक, आणि दिवाळीनंतर कापसाची वेचणी सुरू. मजुरी बुडवून कोण जाईल? व्हिडिओ मीही दाखवते. माउस कसा ओढायचा हे त्यात चांगलं दिसतं. पण हात कीबोर्डवर असताना व्हिडिओ पुढं निघून जातो, मागं-पुढं करण्यात रोजचा डेटा संपतो, आणि धारणीकडच्या काही पाड्यांत तर रेंजच नाही. पान टेबलावर उघडं राहतं, बोट ठेवून वाचता येतं.

राहिला आवृत्तीचा मुद्दा. तो अर्धा खरा आहे. २००७ मध्ये एक्सेलचे जुने मेनू गेले आणि वर टॅबची पट्टी आली, तेव्हा आधीच्या पुस्तकांतली चित्रं खरंच निरुपयोगी झाली. तेव्हापासून होम, इन्सर्ट, फॉर्म्युलाज, डेटा हे टॅब टिकून आहेत. बटणाचं रूप बदललं तरी बेरीज, गुणाकार आणि डॉलरचं चिन्ह तसंच चालतं, फुकट मिळणाऱ्या लिबरऑफिस कॅल्कमध्येसुद्धा. पानाच्या डोक्यावर कुठली आवृत्ती ते ठळक लिहावं आणि आवृत्ती बदलल्यावर फक्त बदललेली चित्रं नव्यानं काढून चिकटवावीत. आम्ही तेच करतो, आणि फॉर्म्युल्यांची पानं आजवर बदलावी लागलेली नाहीत.