किराणा टेकड्या आणि लोहामंडी

2025 च्या मे महिन्यात भारत-पाकिस्तान संघर्ष थांबला आणि आमच्या इंदूरच्या नातेवाइकांच्या गटात पाकिस्तानातल्या किराणा टेकड्यांतून किरणोत्सर्ग पसरल्याच्या अफवा फिरू लागल्या. गळती झालेली नाही, असे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने सांगितल्यावरही रामबागेतले काका आणि राजेंद्रनगरातला मावसभाऊ यांचा वाद सुरूच राहिला: शत्रूने स्फोटकांबरोबर किरणोत्सारी पदार्थ शहरात उडवला तर? शंका रास्त आहे. पण तो पदार्थ कोठून मिळेल, हे दोघांपैकी कोणीच विचारत नव्हते.

असा बॉम्ब आजवर कोणी हल्ल्यात वापरलेला नाही. 1995 मध्ये चेचेन बंडखोरांनी मॉस्कोच्या एका उद्यानात किरणोत्सारी सीझियम ठेवून पत्रकारांना त्याचा ठावठिकाणा कळवला, एवढ्यावरच ते थांबले. बॉम्बशिवाय काय होते, हे मात्र ब्राझीलच्या गोयानिया शहराने 1987 मध्ये भोगले. ओस पडलेल्या दवाखान्यातले किरणोपचार यंत्र भंगारात गेले, त्यातली निळसर चमकणारी सीझियम क्लोराइडची भुकटी लोकांनी कौतुकाने घरोघरी वाटली, चार जण दगावले आणि लाखाहून अधिक लोकांची तपासणी करावी लागली. दिल्लीच्या मायापुरीत 2010 मध्ये, विद्यापीठाने लिलावात काढलेल्या जुन्या यंत्रातला कोबाल्ट-60 भंगारवाल्यांच्या हाती लागला आणि त्यात एकाचा जीव गेला. या दोन्ही ठिकाणी शत्रू नव्हता. बेवारस झालेले यंत्र होते.

परदेशात सारे शिस्तीत चालते, असे सांगण्याचा मोह मी आवरतो, कारण मी ऑस्ट्रेलियातल्या पर्थला राहतो. जानेवारी 2023 मध्ये येथील एका खाणीतून निघालेली, जेमतेम 8 मिलिमीटर लांबीची सीझियमची कुपी सुमारे 1,400 किलोमीटरच्या वाटेवर कुठेतरी पडली. 16 तारखेला पर्थला पोचलेली कुपीची पेटी 25 तारखेला उघडली, तेव्हा कुठे ते लक्षात आले. कायद्यातला कमाल दंड होता 1,000 डॉलर! तरीही सरकारने नकाशासह लोकांना उघडपणे सावध केले आणि 1 फेब्रुवारीला कुपी रस्त्याच्या कडेला सापडली. हा उघडपणा मात्र आपण जरूर घ्यावा.

करारांवर मी फार भिस्त ठेवत नाही. अशा शस्त्रांवरील बंदीचा अमेरिका-सोव्हिएत मसुदा 1979 मध्ये मांडला गेला, तो अजून करार झालेला नाही. अणुदहशतवादाविरुद्धच्या 2005 च्या करारात भारत आहे, पण इंदूरच्या लोखंडबाजारात, म्हणजे लोहामंडीत, भंगार उतरवणारा ट्रक तो करार तपासत नाही.

खरा उपाय इंदूरला परका नाही. इथल्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राने (जुने नाव कॅट) विकसित केलेला इलेक्ट्रॉन त्वरक, म्हणजे विजेच्या जोरावर इलेक्ट्रॉनांचा वेगवान झोत सोडणारे यंत्र, फळ-भाजी मंडीजवळच्या केंद्रात शेतमालावर प्रक्रिया करण्यासाठी बसवलेला आहे. वीज बंद केली की त्याचे किरण थांबतात आणि चोरण्याजोगी किरणोत्सारी कुपी त्यात नसतेच. रक्तपिशव्यांवरील प्रक्रियेसाठी फ्रान्स आणि नॉर्वे यांनी सीझियमची यंत्रे काढून क्ष-किरणांची बसवली, तीही याच विचाराने. कर्करोगाच्या रुग्णांसाठी असलेली कोबाल्ट यंत्रे मात्र उद्याच हटवा, असे मी म्हणणार नाही. लहान गावांत अखंड वीज आणि दुरुस्तीचे तंत्रज्ञ मिळेपर्यंत तीच आधार आहेत. म्हणूनच प्रत्येक यंत्र विकत घेतानाच, ते निकामी झाल्यावर त्यातला किरणोत्सारी स्रोत परत पाठवण्याचा खर्च वेगळा काढून ठेवणे सक्तीचे हवे, आणि घरोघरचा कचरा सहा प्रकारांत वेगळा करणाऱ्या शहराने भंगाराच्या मोठ्या व्यापाऱ्यांच्या दारात किरणोत्सर्गमापक बसवले आहेत का, हे काकांनी आपल्या नगरसेवकाला विचारावे.