सिलॅबस शिकवता, मग सेंटरवर काय होतं ते का नाही सांगत?

आज सकाळी ऑफिसच्या कॉलवर असताना मामेबहिणीचा फोन आला, "ताई, मला आत बसू देत नाहीयेत." तिची आज आयटी सर्टिफिकेशनची परीक्षा होती, लातूरहून रात्रीच्या बसने आली, माझ्याकडे अंघोळ केली, दोन घास पण नीट खाल्ले नाहीत आणि रिक्षाने सेंटरला गेली. अडलं कुठे तर नावावर. परीक्षेचं अकाउंट तिने कॉलेजात असताना काढलेलं, त्यात माहेरचं आडनाव. लग्नानंतर पॅन कार्ड नवीन केलं, त्यावर सासरचं. लग्नाच्या सर्टिफिकेटचा फोटो मोबाईलमध्ये दाखवला, चालला नाही. फी गेली, रजा गेली, आणि सहा-सात महिने नवरा झोपल्यावर रात्री बसून केलेला अभ्यास तसाच राहिला.

मी प्रचंड चिडलेय, त्यामुळे पोस्ट मोठी होणार आहे.

आधी सांगते, माझा राग सेंटरवर नाहीये. तिथला मुलगा नियमाने वागला, त्याच्या डोक्यावर कॅमेरा असतो, त्याने सोडलं असतं तर त्याची नोकरी गेली असती. दुसऱ्याच्या नावावर परीक्षेला बसणारे लोक आहेत आणि त्यांच्यामुळे हे सगळं कडक झालंय, मान्य. माझा राग आहे त्या क्लासवर ज्याने तिच्याकडून भरपूर पैसे घेतले, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर डम्प्सच्या, म्हणजे परीक्षेतून बाहेर फोडलेल्या प्रश्नांच्या, पीडीएफ टाकल्या, पास झालेल्यांचे फोटो लावून पोस्टर केले, आणि एका शब्दाने सांगितलं नाही की बाई, तुझ्या ओळखपत्रावरचं नाव आणि अकाउंटमधलं नाव एकदा शेजारी ठेवून बघ. लग्न ठरवायचं, हॉल घ्यायचा, पत्रिका वाटायच्या आणि मुहूर्त सांगायचा नाही, असला प्रकार आहे हा.

आणि नावाचं हे प्रकरण आपल्याकडे किती अवघड आहे! आपलं नाव तीन भागांचं, त्यात लग्नानंतर मधलं पण बदलतं आणि शेवटचं पण. एका कागदावर वडिलांचं नाव पूर्ण, दुसऱ्यावर नुसतं अक्षर, तिसऱ्यावर आडनाव आधी. फॉर्म करणाऱ्यांना वाटतं फर्स्ट नेम, लास्ट नेम, झालं काम. पोरांचं कमी अडतं, अडकतात त्या आपल्या मुली, ज्यांनी शिकताना एका नावाने नोंदणी केली आणि परीक्षा द्यायची वेळ आली तेव्हा नाव दुसरं झालेलं. नाव बदलता येतं, सपोर्टला मेल करून, कागद जोडून. पण ते परीक्षेच्या बऱ्याच दिवस आधी करायचं असतं, सेंटरच्या दारात उभं राहून नाही होत.

ओळखपत्राचं अजून एक. बऱ्याच परीक्षांना फोटो आणि सही दोन्ही असलेलं मूळ कार्ड लागतं, मुदत न संपलेलं. आधारवर आपली सही नसते. फोनमधलं डिजिलॉकर दाखवून चालत नाही, झेरॉक्स चालत नाही. पासपोर्ट असेल तर सरळ पासपोर्ट न्या. काही परीक्षांना दोन ओळखपत्रं लागतात, तेव्हा आपल्या परीक्षेचं पान उघडून नीट वाचा. हो, हे सगळं बुकिंगच्या मेलमध्ये लिहिलेलं असतं, मला माहितीये, कमेंटमध्ये कुणी येऊन शिकवू नका. इंग्रजीतला तो लांबलचक मेल पहिल्यांदाच परीक्षा देणारी, घरात कुणी कधी असलं काही न केलेली पोरगी शेवटपर्यंत वाचेल अशी अपेक्षा असेल तर मग क्लास कशाला पाहिजे?

बरं, ती आत गेली असती तरी काय होणार होतं हे तिला माहीत नव्हतं. मी दुपारी तिला समजावून सांगत होते तर प्रत्येक गोष्टीला "असं असतं?" म्हणत होती. म्हणून इथे पण लिहिते.

अर्धा तास तरी आधी पोचा. उशीर झाला तर परत पाठवू शकतात, आणि पुण्यातला ट्रॅफिक त्यांना सांगून उपयोग नसतो. तिथे सही घेतात, फोटो काढतात, काही ठिकाणी तळहात स्कॅन करतात. मोबाईल बंद करून, घड्याळ, पाकीट, पर्स, नोट्स सगळं लॉकरमध्ये. खिसे उलटे करून दाखवायचे, बाह्या वर करायच्या, चष्मा काढून द्यायचा, ते उलटसुलट करून बघतात. माझा केसांचा क्लिप पण बघितला होता. पहिल्यांदा हे झालं की माणूस बिचकतो, आपल्यावर चोरीचा आळ घेतल्यासारखं वाटतं, आणि त्याच अवस्थेत जाऊन कॉम्प्युटरसमोर बसतो. आधी माहीत असलं की काही वाटत नाही, सगळ्यांचंच असं तपासतात. जाड दागिने घालून जाऊच नका, तिथे काढायला लावले तर मन उगाच खट्टू होतं.

आत एसी भयंकर असतो. कागद-पेन मिळत नाही, लॅमिनेट केलेला बोर्ड आणि मार्कर देतात. मार्कर चालतो का ते बसायच्या आधी बघून घ्या. नेटवर्किंगवाल्यांनो, तुमचा सबनेटचा तक्ता परीक्षा सुरू झाल्यावरच लिहायचा, त्याआधी नाही. बोर्ड भरला की हात वर करा, दुसरा देतात. स्वतः उठून जायचं नाही. शेजारचा माणूस कुठलीतरी तिसरीच परीक्षा देत असतो आणि खाडखाड टाइप करत असतो, तिकडे लक्ष देऊ नका, कानात घालायला काही आहे का विचारा, बऱ्याच ठिकाणी असतं. मध्ये बाथरूमला गेलात तर घड्याळ थांबत नाही, म्हणून आधीच जाऊन या. सुरुवातीला एक करार येतो स्क्रीनवर, तो ठरावीक वेळात मान्य केला नाही तर परीक्षा तिथेच बंद होते. आणि त्या करारात तुम्ही मान्य करता की प्रश्न बाहेर सांगणार नाही. म्हणजे क्लासने वाटलेल्या त्या डम्प्स! पकडलं तर पोरांचं सर्टिफिकेट रद्द होऊ शकतं, क्लासचं काही जात नाही.

परत मुलीकडे येते, कारण सगळ्यात जास्त मला ज्याचं वाईट वाटलं ते हे. तिचं बारावीपर्यंत शिक्षण मराठीतून झालं. तिची भीती विषयाची नव्हतीच, वेळ पुरेल का याची होती, कारण लांब लांब प्रश्न इंग्रजीत वाचायला तिला वेळ लागतो. आता ऐका. एडब्ल्यूएसच्या, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडच्या परीक्षांना, इंग्रजी मातृभाषा नसेल तर ३० मिनिटं जादा मिळतात. फुकट. त्यांच्या सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट या परीक्षेला १३० मिनिटांत ६५ प्रश्न असतात, त्यात ३० मिनिटं वाढली म्हणजे किती फरक पडतो विचार करा. पण ती सवलत बुकिंग करायच्या आधी मागावी लागते. मराठी माध्यमातल्या किती पोरांना हे माहितीये? क्लासने किती जणांना सांगितलं? मला तर हे लिहितानाही संताप येतोय, कारण हे सांगायला दोन मिनिटं लागतात आणि कुणाच्या खिशातून रुपया जात नाही.

तसंच दुसरं. आपली पोरं स्पर्धा परीक्षांच्या सवयीने चुकीला मार्क कापतील म्हणून प्रश्न सोडून देतात. एडब्ल्यूएसला निगेटिव्ह मार्किंग नाही, सोडलेला प्रश्न चुकीचाच धरतात, तेव्हा अंदाजाने का होईना पण भरा. त्या ६५ मधले १५ प्रश्न मार्कात धरतच नाहीत, कुठले ते सांगत नाहीत, म्हणून एखादा प्रश्न अगदीच परग्रहावरचा वाटला तर तिथे अडकून राहू नका. १००० पैकी ७२० ला पास. तिथे मागे जाऊन उत्तर बदलता येतं. सिस्को कंपनीच्या सीसीएनए या नेटवर्किंगच्या परीक्षेला मात्र मागे जाता येत नाही, एकदा पुढे गेलात की संपलं. हा फरक परीक्षेत बसल्यावर कळला तर काय हाल होतील?

कुणीतरी म्हणेलच, घरून ऑनलाइन द्यायची. देता येते, आणि ज्यांना जमतं त्यांनी जरूर द्या. पण त्याला बंद खोली लागते, टेबल रिकामं लागतं, परीक्षा संपेपर्यंत आत कुणी येऊन चालत नाही. दोन खोल्यांच्या सासरच्या घरात, सासऱ्यांची टीव्हीवर बातम्यांची वेळ, लाइट कधी जाईल भरवसा नाही. ती मुलगी रात्रभर बसमध्ये बसून पुण्याला उगाच आली का?

आता जरा शांत झालेय. संध्याकाळी आम्ही दोघींनी बसून तिच्या अकाउंटचं नाव बदलायचा मेल पाठवला, पॅन आणि लग्नाचं सर्टिफिकेट जोडून. पैशाचं बघू, ते मी आणि दादा मिळून करू, तिला तसं सांगितलंय आणि ती नाही म्हणतेय, पण ते आमचं आम्ही बघू. क्लासच्या सरांना मी उद्या फोन करणार आहे. भांडायला नाही. पुढच्या बॅचच्या पहिल्याच दिवशी प्रत्येकाचं ओळखपत्र आणि अकाउंट शेजारी ठेवून तपासा, एवढंच सांगणार आहे. ऐकलं नाही तर मग भांडेन.

तुमच्यापैकी ज्यांनी ज्यांनी सेंटरवर जाऊन परीक्षा दिली आहे त्यांनी खाली लिहा, कुठल्या शहरात दिली, कुठलं ओळखपत्र चाललं, बस स्टँडपासून किती लांब, सोबत आलेल्या माणसाला बसायला जागा होती का, बायकांसाठी बाथरूम नीट होतं का. लातूर, नांदेड, धाराशिव, बीडकडच्यांनी तर नक्की लिहा, आणि मराठीत लिहा.