‘टाकीतलं पेट्रोल काढून घेतलं’ या रिव्ह्यूला गॅरेजकडून उत्तर

नमस्कार भाऊ. तुम्ही एक स्टार दिला आणि लिहिलं, ‘अर्ध्या तासाचं कार्बोरेटरचं काम, दोन दिवस लावले, ९३० रुपये घेतले आणि टाकीतलं तीन-साडेतीन लिटर पेट्रोलही काढून घेतलं.’ तुम्हाला एरंडोलहून दुसऱ्यांदा जळगावला यावं लागलं, त्रास झाला, त्याबद्दल माफी मागतो. दोन दिवस लागले हे खरं. पैशांचा हिशोबही खाली देतो. पण पेट्रोल ‘काढून घेतलं’ हा शब्द मनाला लागला. हे शंभर लोक वाचतात, आणि गॅरेजवाल्यावर पेट्रोलचा आळ आला की गिऱ्हाईक दारातूनच परत फिरतं. म्हणून सविस्तर लिहितो.

दुचाकी आली तेव्हा तक्रार अशी होती: टाकीखालचा पेट्रोलचा कॉक ऑनवर ठेवला की बरी चालते, रिझर्व्हला टाकली की झटके मारून बंद पडते, बांभोरीच्या पुलावर ढकलावी लागली. कार्बोरेटर आधी दुसरीकडे दोनदा साफ झालेला. ऑनवर चालते आणि रिझर्व्हवर मरते म्हटल्यावर पहिला संशय टाकीच्या तळावरच जातो. कॉकची ऑनची नळी टाकीत उभी असते, ती तळापासून वरचं पेट्रोल घेते. रिझर्व्हचं तोंड अगदी तळाशी. तळाला पाणी साचलं असेल तर ऑनवर कळत नाही, रिझर्व्हवर पहिला घोट पाण्याचाच.

तरी आम्ही अंदाजावर टाकी उतरवली नाही. आधी कार्बोरेटरकडचा पाइप काढून बाटलीत धार बघितली. धार चांगली होती, झाकण उघडल्यावर वाढली नाही, म्हणजे झाकणाचं हवेचं छिद्र मोकळं होतं. मग कार्बोरेटरच्या तळाला पेट्रोल साचतं त्या वाटीचा ड्रेन स्क्रू सैल केला, तर पेट्रोलबरोबर गढूळ पाणी आलं. इंजिनला पेट्रोल मोजून सोडणारा बारीक छिद्राचा मेन जेट वाटीच्या तळाशी बुडालेला असतो, पाणीही तळालाच बसतं, त्यामुळे जेट आधी पाणीच ओढतो. वाटी साफ करून लावली तरी वरून तेच पाणी परत उतरणार. आधीच्या दोन सफाया म्हणूनच टिकल्या नाहीत. हे तुम्हाला टाकी उतरवायच्या आधी सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, ‘टाकीला हात लावू नका, फक्त कार्बोरेटर बघा.’ बाटली दाखवल्यावर ‘करा मग’ म्हणालात.

आता पेट्रोलचं. सगळं पेट्रोल पारदर्शक कॅनमध्ये काढून पंधरा मिनिटं स्थिर ठेवलं. स्पष्ट रेघ दिसली आणि खाली पाऊण लिटरच्या आसपास वेगळा थर. तो सगळा पाण्याचा नव्हता. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. थोडंफार पाणी ते सामावून घेतं, पण पाणी जास्त झालं की तेच पाणी इथेनॉलला पेट्रोलमधून ओढून घेतं आणि दोघं मिळून तळाला बसतात. म्हणून पाणी पावशेर असलं तरी थर मोठा दिसतो. तुमचं म्हणणं, वरचं पावणेतीन लिटर तरी परत घालायचं होतं. भाऊ, त्यातलं इथेनॉल निघून गेलं की ऑक्टेनही, म्हणजे इंजिन न ठोकता जळायची पेट्रोलची ताकद, उतरतं, चढावर इंजिन ठोकायला लागतं. शिवाय त्यात मुरलेलं पाणी गार रात्री पुन्हा सुटतं. असलं पेट्रोल आमच्या गाडीतही कोणी घालणार नाही. धुतल्यावर टाकीत एक लिटर नवं पेट्रोल आम्ही घातलं, त्याचे पैसे बिलात नाहीत. बिल काढून बघा.

पाणी आलं कुठून? झाकणाच्या खोलगट जागेत एक बारीक निचऱ्याचं छिद्र असतं. तुमच्या गाडीचं काळ्या मातीने गच्च बुजलं होतं, झाकणाचं रबर कडक होऊन चिरलं होतं. पोळ्याला गाडी प्रेशरच्या पाण्याने धुतली, हे तुम्हीच सांगितलं. पाणी तिथे साचलं आणि आत झिरपलं. दोष देत नाही, गाडी सगळेच धुतात. फक्त नोजल झाकणावर धरू नये.

वेळ गेला तो टाकी सुकवण्यात. आतून तांबूस गंज सुटला होता, दोनदा धुवावी लागली. मग तोंड खाली करून ठेवली. ढगाळ हवेत ओली टाकी घाईने बसवली असती तर आठ दिवसांत तुम्ही पुन्हा पुलावर. इंजिन मंद चालताना पेट्रोल देणाऱ्या पायलट जेटचं छिद्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक, गंजाच्या एका कणाने बुजतं. त्यात तार घालत नाही आम्ही, छिद्र मोठं झालं की गाडी कायमची जास्त पेट्रोल खाते. स्प्रे आणि हवा, एवढंच.

हिशोब: कार्बोरेटर ३००, टाकी काढणं-धुणं-बसवणं ४००, झाकणाचं रबर ८०, कॉकचं पॅकिंग ४०, फिल्टर ६०, पाइप ५०. एकूण ९३०. जुने भाग पिशवीत घालून हँडलला अडकवले होते.

टाकी उघडण्याआधी फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायची पद्धत सुरू करायचा विचार आहे, पोरांना सांगितलंय. दरांचा बोर्डही लावू.

तुमचा कॅन झाकण लावून तसाच ठेवला आहे, रेघ अजून दिसते. या, बघा, हवा तर घेऊन जा, पण गाडीत ओतू नका. पाच-सहाशे किलोमीटर झाले असतील तर त्याच फेरीत नवा फिल्टर बघून घेऊ. उरलेला गंज सुटला असेल तर त्यातच अडकलेला दिसेल. त्याचे पैसे नाहीत. शुक्रवारी दुकान बंद असतं.