दुसऱ्यांदा बुडालेली माणसं : 'जुना नागपूरकर' यांना उत्तर

'जुना नागपूरकर' यांस सलाम.

नागपुरातल्या मोतीबागच्या रेल्वे क्वार्टरमध्ये अकरा माणसांनी सुरू केलेली आमची बॅप्टिस्ट मंडळी (म्हणजे बाळांना नाही, तर समजून स्वतःहून येणाऱ्यालाच पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा देणारं ख्रिस्ती चर्च) पुढे कशी वाढली, यावर मी मागच्या महिन्यात लिहिलं होतं. त्याखालच्या तुमच्या प्रतिक्रियेला तिथेच उत्तर द्यायला बसलो, पण ते लांबत गेलं म्हणून इथे वेगळं टाकतोय. ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी : हिस्लॉपचं साल चुकलं, 1970 चं चर्चांचं एकीकरण मी गाळलं, जमीन कोणाच्या पैशाने आली ते सांगितलं नाही, आणि शेवटी शब्दशः, "तुमची मंडळी वाढली नाही, दुसऱ्यांची माणसं दुसऱ्यांदा बुडवून मोजली. जरा अभ्यास करून लिहा."

सालाचं मान्य. मिशनरी स्टीफन हिस्लॉप डिसेंबर 1844 मध्ये मुंबईत उतरले आणि नागपूरला पोचले फेब्रुवारी 1845 मध्ये. मी 1844 लिहून गेलो. दुरुस्त केलंय, आभार. (हिस्लॉप स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे, बाळांच्या कपाळावर पाणी घालणारे. आमच्या गोष्टीत ते फक्त दारावरून जातात. पण असो, चूक ती चूक.)

आता ते "जरा". नुसतं "अभ्यास करून लिहा" म्हटलं असतं तर मी गिळलं असतं. "जरा" हे मास्तर मागच्या बाकावरच्या पोराला म्हणतो. मी बावन्न वर्षांचा आहे, भाऊ. हॉलचे पत्रे गळायचे तेव्हा पावसाळ्यातल्या उपासनेत कोणत्या बाकाजवळ बादली ठेवायची हे मला पाठ होतं. पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, प्रार्थना करायचे आणि मी डोळे उघडे ठेवून बादल्या बघायचो. तुम्ही तेव्हा कुठे होते? खऱ्या नावाने विचारलं असतं तर चहा पाजून सांगितलं असतं. टोपणनाव घेऊन दुसऱ्याच्या आजोबांचा हिशेब तपासायला काय लागतं, एक मोबाईल आणि एक रिकामी दुपार!

आणि "बुडवून". हेटाळणीच आहे ना ही? तर ऐका.

माझ्या आजीचा बाप्तिस्मा कन्हान नदीत झाला. पांढरं लुगडं पाण्यावर फुगून वर येऊ नये म्हणून तिच्या सासूने काठाला चार जागी नदीतलेच गोटे दोऱ्याने बांधले होते. कमरेइतक्या पाण्यात गेल्यावर त्यातला एक सुटला. एका हाताने काठ दाबून धरलेला, दुसरा हात पाळकांच्या हातात. पाळकांनी विचारलं, येशू ख्रिस्ताला आपला तारणारा म्हणून स्वीकारतेस काय? आजी म्हणाली, "हो, पण थांबा." आमच्या घरात आजही कोणी घाई केली की ते "हो, पण थांबा" निघतंच.

ही आजी तान्ही असताना शहरातल्या एका जुन्या मंडळीत बाप्तिस्मा झालेली होती. म्हणजे तुमच्या हिशेबाने चोरीचा पहिला माल माझी आजीच. ती मात्र म्हणायची, तेव्हा मला नेलं होतं, आता मी गेले. माझे वडील जन्मले तेव्हा त्याच मंडळीतून विचारणा झाली की बाळाला कधी आणता. आजोबा म्हणाले, तो चालायला लागला आणि त्याला यावंसं वाटलं, की येईल. त्यावरून जे बोलणं झालं ते मी लिहिणार नाही, दोन्हीकडची माणसं आता हयात नाहीत. त्यानंतरच्या रविवारपासून आजोबांच्या क्वार्टरमध्ये उपासना भरायला लागली.

याला तुम्ही फूट म्हणा. बॅप्टिस्ट मंडळ्या जन्मतात त्या अशाच. 1609 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला जॉन स्मिथ या इंग्रज पाळकाने बाळपणीचा बाप्तिस्मा नाकारला आणि नव्याने सुरुवात केली ती स्वतःपासूनच. बॅप्टिस्ट मिशनरी विल्यम कॅरी, ज्यांनी बंगालातल्या श्रीरामपूरला 1805 मध्ये मराठीचं व्याकरण आणि 1810 मध्ये मराठी कोश छापला, त्यांचाही बाळपणी इंग्लंडच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला होता. 5 ऑक्टोबर 1783 ला ते नॉर्थॅम्प्टनच्या नेन नदीत पुन्हा उतरले, स्वतःच्या पायांनी. त्यांनाही "दुसऱ्यांदा बुडवून मोजलेले" म्हणणार का? म्हणा, मग कळेल अभ्यास कोणी करायचा आहे ते.

आणि वाढीची घाई कोणाला होती? कॅरी 1793 मध्ये बंगालात आले. पहिला बंगाली माणूस, कृष्ण पाल नावाचा सुतार, हुगळीत उतरला तो 28 डिसेंबर 1800 ला. सात वर्षं! आमच्याकडे निदान चटईवर अकरा जण तरी होते.

आमच्यात वरून कोणी बिशप येऊन मंडळी काढून देत नाही. दहा-बारा माणसं एकमेकांना वचन देतात, आपला पाळक आपण निवडतात, झाली मंडळी. पाळकांचा पगार किती, दरवाजाला रंग कोणता, सगळं सभेत ठरतं. रंगावर आमची सभा दोन रविवार चालली होती. (निळा ठरला. आता पोपडे निघून राहिलेत.)

व्यासपीठाखालची बाप्तिस्म्याची सिमेंटची टाकीही सभेनेच मंजूर केली. फळ्या उचलल्या की टाकी. शनिवारी रात्री नळ सोडून ठेवायचा, उन्हाळ्यात टँकर. बारावीच्या सुट्टीत मी त्यात उतरलो. ब्लिचिंगचा वास, तळाला शेवाळ. दुसऱ्या पायरीवर पाय घसरला आणि पाळकांनी हात लावायच्या आधीच मी पाण्याखाली. वर आल्यावर त्यांनी रीतसर पुन्हा बुडवलं. बघा, मी तर एकाच दिवशी दोनदा. मोजा.

आता रजिस्टर. आजोबा नावापुढे लिहायचे "पाण्याने" किंवा "पत्राने". पाण्याने म्हणजे आमच्याकडे बाप्तिस्मा घेऊन आलेला. पत्राने म्हणजे दुसऱ्या बॅप्टिस्ट मंडळीचं पत्र घेऊन आलेला, बहुतेक वऱ्हाडातले, नोकरीसाठी नागपूरला आलेले. लपवाछपवी कुठे आहे यात? "पाण्याने"मधले किती जण आधी दुसरीकडे जात होते, तो रकानाच आजोबांनी आखला नव्हता, तर मी कुठून मोजू? काही नावांपुढे नुसती रेघ आहे. तुम्ही म्हणाल, रेघ म्हणजे फुटून आलेला. माझ्या मते पत्र टपालात राहिलं असेल. सगळ्यांचीच कशी राहिली असं विचाराल, तर तेव्हाचं टपाल कसं होतं ते तुम्हाला ठाऊक असेलच, तुम्ही जुने नागपूरकर.

राहिलेले मुद्दे. 29 नोव्हेंबर 1970 ला इथेच, ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये, सहा चर्च एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं आणि त्यात बॅप्टिस्टही होते, हे मला माहीत आहे. बाळपणीचा आणि समजून घेतलेला, दोन्ही बाप्तिस्मे तिथे मान्य झाले हेही माहीत आहे. आजोबा त्या दिवशी ड्युटीवर होते. लेख आमच्या मंडळीवर होता, एकीकरणावर नव्हता. पैशाचं म्हणाल तर खुर्च्या वर्गणीतून, पंखे वर्गणीतून, आणि माझी आई रोज स्वयंपाकाआधी एक मूठ तांदूळ डब्यात बाजूला टाकायची, ते विकून हार्मोनियम आली. जमिनीचं पुन्हा कधीतरी.

रजिस्टर हॉलच्या लोखंडी कपाटात आहे, किल्ली माझ्याकडे. रविवारी साडेनऊला उपासना सुरू होते. या, स्वतःच्या डोळ्यांनी रेघा मोजा. फक्त दाराशी पाहुण्यांची वही असते, तिच्यात खरं नाव लिहावं लागतं.